व्यक्ति तितक्या मात्रा

(नभोवाणीवरील एका भाषणाचा मजकूर)

रुग्णालयाच्या ओसरीवर आपली पाळी येईपर्यंत बांकावर बसून राहिलेल्या माणसांचें संभाषण ऐकण्यासारखें असतें. "आपलें गांव कोणतें?" "ऑपरेशन कधीं झालें?" असें होतां होतां गोष्ट औषधांवर येते, आणि मग एक प्रश्न हमखास निघतो : "तुमची गोळी किती मिलिग्रॅमची?" प्रश्न साधा आहे, आपुलकीनें विचारलेला आहे. परंतु एका विशिष्ट औषधाच्या बाबतींत या प्रश्नापायीं एका बाईचा जीव धोक्यांत आलेला मीं पाहिला आहे. त्या औषधाची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं एकाच आठवड्यांत, एकाच वॉर्डांत, दोन रुग्णांच्या हृदयांत धातूची कृत्रिम झडप बसविण्यांत आली होती. एक साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. दुसरी तिशीच्या आंतबाहेरची बाई होती. लहानपणीं घसा धरून आणि सांधे सुजून जो ताप येतो, आणि जो पुढें हृदयाच्या झडपा कुरतडून टाकतो, त्या संधिवाती तापानें दोघांच्याही झडपा निकामी झाल्या होत्या. कृत्रिम झडपेवर रक्त गोठून गुठळी धरण्याची भीति असते. गुठळी धरली तर झडप अडकते, आणि सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून अशा रुग्णांना रक्ताची गोठण्याची शक्ति कमी करणारें औषध जन्मभर घ्यावें लागतें. त्या औषधाचें नांव वॉरफरिन. दोघांनाही रोज 5 मिलिग्रॅमप्रमाणें तें सुरू करण्यांत आलें. आठवडा उलटतो न उलटतो तोंच गृहस्थांच्या रक्तावर औषधाचा जवळजवळ कांहींच परिणाम नाहीं असें आढळलें, आणि बाईच्या हिरड्यांतून मात्र रक्त येऊं लागलें. वारंवार तपासणी करून पुढें गृहस्थांची मात्रा 9 मिलिग्रॅमवर स्थिरावली, आणि बाईची दीडवर.

तीन महिन्यांनीं हीं दोन्ही कुटुंबें ओसरीवर भेटलीं. तोच प्रश्न निघाला. बाईच्या यजमानांनीं मनाशीं हिशेब केला : आजार एक, ऑपरेशन एक, झडप एक, मग त्यांना नऊ आणि हिला दीडच कां? आपली बाजू पडती म्हणून कोणी हयगय तर केली नाहीं? त्यांनीं कोणालाही न विचारतां मात्रा दुप्पट केली. पहिले तीन चार दिवस कांहींच झालें नाहीं, त्यामुळें त्यांना उलट धीर आला. दहाव्या बाराव्या दिवशीं बाईला लघवींतून रक्त जाऊं लागलें आणि अंगावर काळेनिळे डाग उमटले. वेळेवर आणलें म्हणून निभावलें. ते गृहस्थ माझ्यापुढें हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मीं कांहीं तिला विष दिलें नाहीं. तिचेंच औषध दिलें. आणि तेंही त्या दुसऱ्या रुग्णाच्या एक तृतीयांशच!"

त्यांचें म्हणणें गणिताच्या दृष्टीनें बिनचूक होतें. तें कोठें चुकलें हेंच आपणांस पाहावयाचें आहे.

या औषधाचा जन्म दवाखान्यांत झालेला नाहीं. तो गोठ्यांत झाला. 1920 नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत आणि कॅनडांत गुरांवर एक विलक्षण संकट आलें. शिंगें छाटावीं, किंवा खच्ची करण्यासाठीं लहानशी शस्त्रक्रिया करावी, तर जखमेंतून रक्त वाहूं लागे तें थांबतच नसे. कित्येक जनावरें तर जखमेवांचूनच अंगांतल्या अंगांत रक्त सांडून मरत. फ्रँक स्कोफील्ड नांवाच्या कॅनडांतील पशुवैद्यानें शोध करून दाखविलें कीं, दोष जंतूंचा नसून चाऱ्याचा आहे. तेथें स्वीट क्लोव्हर नांवाचा चारा पेरीत; आपल्या मेथीच्या अगदीं जवळच्या नात्यांतली ही वनस्पति आहे. नुकत्याच कापलेल्या गवताला जो गोड वास येतो तो कूमरिन नांवाच्या द्रव्याचा, आणि तें या चाऱ्यांत भरपूर असतें. चारा सुका असेपर्यंत अपाय नाहीं. पण ओल धरून त्याला बुरशी आली कीं त्या निरुपद्रवी द्रव्यापासून दुसरेंच एक द्रव्य तयार होई, आणि तें गुरांच्या रक्ताची गोठण्याची शक्ति हिरावून घेई.

हें दुसरें द्रव्य कोणतें, हें कळण्यास एका शेतकऱ्याची चिकाटी कारण झाली. 1933 च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिन संस्थानांतील एक शेतकरी भर हिमवादळांत आपली मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्तानें भरलेला दुधाचा डबा आणि शंभर पौंड सडका चारा गाडींत घालून सुमारे 190 मैलांवरील मॅडिसन येथें आला. आला होता सरकारी पशुवैद्याच्या शोधांत. पण दिवस शनिवारचा होता, आणि दार उघडें सांपडलें तें विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचें. लिंक त्याला चारा बदलण्यापलीकडे कांहींच सांगूं शकले नाहींत. परंतु तो रक्ताचा डबा त्यांच्या मनांतून जाईना. पुढें सहा वर्षें त्यांनीं आणि त्यांच्या सहाय्यकांनीं त्या चाऱ्याचा पिच्छा पुरविला, आणि 1939 सालीं तें द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपानें हातीं आलें. डायकूमरॉल हें त्याचें नांव. त्याच्याच जातीचीं अनेक द्रव्यें मग प्रयोगशाळेंत बनविण्यांत आलीं. त्यांतलें एक अधिक प्रखर असल्यामुळें 1948 सालीं उंदीर मारण्याचें औषध म्हणून बाजारांत आलें. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या विद्यापीठीय प्रतिष्ठानाच्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें 'वॉर्फ' अशीं होतात. त्यांना कूमरिनचें शेपूट जोडून 'वॉरफरिन' हें नांव झालें.

उंदरांचें विष माणसाला कोण देईल? परंतु 1951 सालीं अमेरिकन सैन्यांतील एका रंगरुटानें आत्महत्येच्या इराद्यानें तें बरेंच खाल्लें, आणि तरीही योग्य उताऱ्यानें तो पूर्ण बरा झाला. त्यावरून हें द्रव्य माणसांतही उपयोगीं पडेल असा डॉक्टरांना विश्वास आला. 1954 मध्यें माणसांसाठीं त्याला परवानगी मिळाली, आणि 1955 सालीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हां त्यांनाही तेंच देण्यांत आलें. तेव्हांपासून आजतागाईत कोट्यवधि लोकांचे प्राण या औषधानें वांचविले आहेत. पण त्याचा जुना स्वभाव गेलेला नाहीं. कमी पडलें तर गुठळी, जास्त झालें तर रक्तस्राव. आणि या दोहोंमधली वाट फार अरुंद.

आतां हें औषध शरीरांत करतें तरी काय? बोट कापलें तर चार दोन मिनिटांत रक्त थांबतें, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतों कीं, तिच्यामागें केवढी खटपट असते याची आपणांस कल्पनाच नसते. रक्त गोठविणारीं अनेक प्रथिनें यकृतांत तयार होतात. त्यांपैकीं चार महत्त्वाच्या प्रथिनांवर शेवटचा हात फिरविण्यासाठीं एक जीवनसत्त्व लागतें. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनीं कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून तें शोधून काढलें. 1943 सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत. रक्त गोठण्याला त्यांच्या भाषेंत 'के' या अक्षरानें सुरू होणारा शब्द आहे, म्हणून हें 'के' जीवनसत्त्व. लिंबूआंवळ्यांतील जें 'क' जीवनसत्त्व आपल्या परिचयाचें आहे, तें हें नव्हे.

जुन्या घरांतली मोरी डोळ्यांपुढें आणा. घरांत पातेलीं मोजकीं, आणि स्वयंपाक तर अखंड चाललेला. एकदां वापरलेलें पातेलें घासून दिल्यावांचून पुढचा पदार्थ चुलीवर चढत नाहीं. 'के' जीवनसत्त्व हें असें पातेलें आहे. एकेका प्रथिनावर काम केलें कीं तें खरकटें होतें, म्हणजे त्याचें रासायनिक रूप बदलतें. तें पुन्हां पूर्ववत् करून देणारें एक विकर, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतों तें, यकृतांत असतें. वॉरफरिन त्या घासणाराचे हात धरून ठेवतें. पातेलीं खरकटींच पडून राहतात, आणि रक्त गोठविणारीं प्रथिनें अर्धीकच्चीं बाहेर पडतात. आधीं तयार होऊन रक्तांत फिरत असलेलीं चांगलीं प्रथिनें संपावयास मात्र कांहीं दिवस जावे लागतात. म्हणूनच आज वाढविलेल्या गोळीचा परिणाम आज दिसत नाहीं, आणि त्या यजमानांना पहिल्या तीन चार दिवसांत खोटा धीर आला तो याचमुळें.

पण मोरींत केवळ घासणारा असून भागत नाहीं. पाणी वाहून जाण्यास वाटही लागते. गोळीवाटें आलेलें वॉरफरिन शरीरानें कधींतरी निकामी करून बाहेर टाकलें पाहिजे. हें काम यकृतांतलें दुसरें एक विकर करतें. एका घरच्या मोरीचें भोंक मोठें असतें, दुसऱ्या घरचें लहान. दोन्हींकडे बादलीभर पाणी ओता. पहिल्या मोरींतलें तेव्हांच निघून जाईल, दुसरींत तुंबून राहील. आणि दररोज बादलीभर ओतीत गेलें तर दुसऱ्या घरांत आठ दिवसांत पाणी उंबऱ्यावर येईल.

घासणारे हात किती, आणि मोरीचें भोंक केवढें, या दोन गोष्टी बऱ्याच अंशीं आपल्या जन्माबरोबर ठरतात. पहिल्या विकराची कृति ज्या जनुकांत लिहिलेली आहे त्याला शास्त्रज्ञ 'व्ही. के. ओ. आर. सी. 1' म्हणतात, तें सोळाव्या गुणसूत्रावर आहे. दुसऱ्याचें जनुक दहाव्या गुणसूत्रावर. त्याचें नांव 'सी. वाय. पी. 2 सी 9'. नांवें विसरलांत तरी चालेल. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, प्रत्येक जनुकाची एक प्रत आपणांस आईकडून मिळते आणि एक वडिलांकडून. पहिल्या जनुकाच्या आरंभाशीं एका जागीं कांहीं लोकांत एका रासायनिक अक्षराऐवजीं दुसरें असतें. एवढ्यानें विकर बिघडत नाहीं. तें तयार होण्याचें प्रमाण तेवढें घटतें. ज्याला हें अक्षर आईवडील दोघांकडूनही मिळालें त्याच्या घरीं घासणारे हातच कमी. ते धरून ठेवण्यास औषधही कमी पुरतें. दुसऱ्या जनुकांतही असेच कांहीं अक्षरभेद आहेत. त्यांच्यामुळें औषधाचा निचरा मंदावतो, आणि आईवडील दोघांकडूनही असा भेद आला असेल तर तो फारच मंदावतो.

एक गोष्ट येथें स्पष्ट केली पाहिजे. हा रोग नव्हे. ज्याच्या अंगीं हे अक्षरभेद आहेत त्याचें जन्मभर कांहींही अडत नाहीं. डोळ्यांचा रंग किंवा कानाची पाळी निराळी असावी तसा हा प्रकार. वॉरफरिनची गोळी पोटांत जाते त्या दिवशींच प्रथम हा भेद उघडकीस येतो.

या घराण्यागत वेगळेपणाची चाहूल बरीच आधीं लागली होती. 1958 सालीं स्कॉटलंडांत वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर आढळले. 1964 मध्यें अमेरिकेंत असें एक कुटुंब प्रसिद्धीस आलें कीं, ज्यांतील माणसांना नेहमींच्या कित्येक पट मात्रा दिल्यावांचून परिणामच होत नसे, आणि हा गुण बापाकडून मुलाकडे उतरत होता. निचऱ्याच्या जनुकाचा आणि मात्रेचा संबंध 1990 नंतरच्या दशकांत उलगडला. घासणाऱ्या विकराचें जनुक 2004 सालीं दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनीं एकाच वेळीं शोधून काढलें. तेव्हां त्या हट्टी उंदरांचें आणि औषधाला न जुमानणाऱ्या माणसांचें रहस्य त्याच एका जनुकांत आहे असें दिसून आलें.

यावरून अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें 2010 सालीं औषधाच्या माहितीपत्रकांत एक कोष्टकच छापलें. दोन्ही जनुकें नेहमींच्या घडणीचीं असतील तर रोज 5 ते 7 मिलिग्रॅम. कांहीं भेद असतील तर 3 ते 4. आणि दोन्हींकडून भेदांची भर पडली असेल तर अर्धा ते 2 मिलिग्रॅम. एकाच औषधाच्या योग्य मात्रेंत दहापटीहून अधिक अंतर! आमच्या त्या बाईचा दीड मिलिग्रॅमचा आकडा आतां विलक्षण वाटणार नाहीं. तिला 3 मिलिग्रॅम देणें म्हणजे नऊचा तृतीयांश देणें नव्हतें. तिला जें पुरेसें होतें त्याच्या दुप्पट देणें होतें. नऊ मिलिग्रॅम घेणारे गृहस्थ तर या कोष्टकाच्याही बाहेरचे. कोष्टकें माणसांवरून बनतात. माणसें कोष्टकांवरून बनत नाहींत.

हे अक्षरभेद निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या प्रमाणांत पसरलेले आहेत. घासणारे हात कमी करणारें अक्षर चीन आणि जपानकडील लोकांत अतिशय आढळतें. तेथें जनुकाच्या दर दहा प्रतींपैकीं सुमारे नऊ प्रतींत तें असतें. युरोपीय वंशाच्या लोकांत तें दहांपैकीं सुमारें चारांत, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारें एकांत. त्यामुळें पूर्व आशियांतील डॉक्टर पूर्वींपासूनच कमी मात्रा देत आले; कारण कळलें तें मागाहून. भारतांत झालेल्या पाहण्यांत हें अक्षर युरोपाहून कमी प्रमाणांत दिसलें. परंतु निचरा मंदावणारा एक महत्त्वाचा भेद मात्र युरोपाइतका तरी आपल्याकडे आहेच. यावरून भारतीयांची मात्रा अमुक, असा नियम मात्र कोणी काढूं नये. सरासरी ही लोकसमूहाची असते. गोळी एकट्या माणसाला घ्यावयाची असते.

आतां आपण सहज विचाराल, मग प्रत्येक रुग्णाचीं जनुकें आधींच तपासून मात्रा कां ठरवूं नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांनींही विचारला, आणि त्याचें उत्तर सरळ मिळालें नाहीं. 2013 सालच्या नोव्हेंबरांत दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकाच नियतकालिकांत शेजारीं शेजारीं छापून आले. युरोपांतील प्रयोगांत 455 रुग्ण होते. जनुकें पाहून ज्यांची मात्रा ठरविली त्यांचें रक्त 67.4 टक्के काळ योग्य मर्यादेंत राहिलें. नेहमींच्या पद्धतीनें ज्यांना औषध दिलें त्यांचें 60.3 टक्के काळ. फायदा उघड होता. अमेरिकेंतील प्रयोगांत 1015 रुग्ण होते. तेथें वय, वजन वगैरे पाहून गणितानें मात्रा ठरविलेल्या रुग्णांशीं तुलना केली, तेव्हां दोन्ही बाजूंचा आकडा सुमारें 45 टक्के, म्हणजे फरक शून्य. इतकेंच नव्हे, तर कृष्णवर्णीय रुग्णांत जनुकें पाहून दिलेली मात्राच अधिक चुकली; त्यांचें रक्त 35.2 टक्के काळच मर्यादेंत राहिलें, आणि साध्या गणितानें मात्रा दिलेल्यांचें 43.5 टक्के.

असें कां व्हावें? तपासणींत जे अक्षरभेद शोधले जात होते ते मुख्यत्वें युरोपीय लोकांत आढळणारे होते. आफ्रिकी वंशांत निचरा मंदावणारे भेद निराळे आहेत, आणि ते त्या यादींतच नव्हते. यादींत कांहीं सांपडलें नाहीं म्हणून 'सर्व ठीक' असा शेरा बसला, आणि मात्रा चुकली. हा धडा आपणही घेण्याजोगा आहे. दुसऱ्यांच्या रक्तावरून केलेली यादी आपल्या रक्तावर डोळे मिटून लावली तर शास्त्राच्या नांवाखालीं तीच चूक होते, जी त्या यजमानांनीं शेजाऱ्याची मात्रा पाहून केली.

यावरून जनुकांची तपासणी निरर्थक, असें मात्र समजूं नये. 2017 सालीं अमेरिकेंत खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेल्या, पांसष्टीपुढील सुमारें 1600 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत रक्तस्राव, गुठळी इत्यादि अनिष्ट गोष्टी जनुकें पाहून औषध दिलेल्यांपैकीं 10.8 टक्क्यांत घडल्या, आणि इतरांपैकीं 14.7 टक्क्यांत. सुरुवातीच्या धोक्याच्या आठवड्यांत ही माहिती हातीं असेल तर ती उपयोगीच पडते. परंतु मात्रेंतील सगळा फरक जनुकांनीं सांगतां येत नाहीं. वय, वजन, बरोबरचीं औषधें आणि दोन्ही जनुकें हीं सर्व जमेस धरलीं तरी माणसामाणसांतील फरकाचा निम्म्याच्या आसपासच उलगडा होतो. उरलेला अर्धा आहारांत, आजारांत, आणि अजून न कळलेल्या गोष्टींत दडलेला आहे.

सुदैवानें जनुकांहूनही जुना, सोपा आणि स्वस्त असा एक साक्षीदार आपल्याजवळ आहे. तो म्हणजे खुद्द रुग्णाचें रक्त. रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हें मोजण्याची रीति अमेरिकेच्या आर्मंड क्विक यांनीं 1935 सालीं बसविली. परंतु प्रयोगशाळेगणिक आकडा बदलत असे. म्हणून 1983 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व जगाला एकच माप लावून दिलें. तेंच आय. एन. आर. निरोगी माणसांत हा आकडा एकाच्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांत तो बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. कांहीं कृत्रिम झडपांसाठीं त्याहून थोडा वर. बाईचीं जनुकें कोणीही तपासलीं नव्हतीं. दीड मिलिग्रॅम हा आकडा तिच्या रक्तानेंच आम्हांला सांगितला होता. तपासणीची तारीख न चुकविणें याचें महत्त्व यापरतें अधिक काय सांगूं?

कोणी म्हणतील, आतां नवीं औषधें निघालीं आहेत, त्यांना ही तपासणी लागत नाहीं. मग या जुन्या पुराणाचें प्रयोजन काय? 2010 पासून डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सॅबान, एपिक्सॅबान यांसारखीं औषधें आलीं, आणि अनियमित ठोक्यांच्या पुष्कळ रुग्णांना तीं सोयीचीं ठरलीं आहेत. परंतु धातूच्या झडपेसाठीं तीं चालत नाहींत. डॅबिगॅट्रानचा तसा एक प्रयोग अपायामुळें मध्येंच थांबवावा लागला, आणि त्याची हकीगत 2013 सालीं प्रसिद्ध झाली. संधिवाती तापानें झडपा बिघडून ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवर भारतासह अनेक देशांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2022 सालीं बाहेर आले; त्यांतही वॉरफरिनच्या जातीचींच औषधें रिव्हॅरोक्सॅबानपेक्षां सरस ठरलीं. हा संधिवाती ताप श्रीमंत देशांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. आपल्याकडे तो आहे, आणि तो बहुधा तरुणांचीं हृदयें पकडतो. म्हणून हें जुनें औषध आपल्या घरांतून लवकर हद्दपार होईल असें दिसत नाहीं.

तेव्हां ज्या घरांत हें औषध चालू असेल त्या घरासाठीं चार शब्द सांगतों. आपल्याकडे पुष्कळांना वॉरफरिनऐवजीं त्याचेंच भावंड, एसिनोकूमरॉल, देतात. त्याची मात्रा मुळांतच लहान असते. त्यामुळें दोन माणसांच्या गोळ्यांचे आकडे ताडून पाहणें दुप्पट निरर्थक. एखादे दिवशीं गोळी घ्यावयाची राहिली तर दुसऱ्या दिवशीं दोन घेऊं नयेत, डॉक्टरांना कळवावें. पालक, मेथी, कोबी यांसारख्या पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व असतें. म्हणून त्या वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. रोजचें प्रमाण सारखें ठेवावें म्हणजे झालें. आठवडाभर उपास आणि मग आठवडाभर पालेभाजी, असें मात्र करूं नये. क्षयावरील रिफॅम्पिसिन हें औषध मोरीचें भोंक मोठें करतें. जुलाबांवर घरोघर घेतलें जाणारें मेट्रोनिडॅझोल तें लहान करतें. अंगदुखीवरची ॲस्पिरिनसारखी गोळी रक्तस्रावाला निराळ्या वाटेनें मदत करते. म्हणून कोणतेंही नवें औषध, मग तें दुकानांतलें असो, वैद्याचें असो किंवा आजीच्या बटव्यांतलें असो, विचारल्यावांचून घेऊं नये. मूल होण्याची इच्छा असलेल्या स्त्रीनें तें डॉक्टरांना आधींच सांगावें, कारण या औषधाचा परिणाम गर्भावर होतो. लघवी तांबडी झाली, शौच डांबरासारखें काळें झालें, नाकाचें रक्त थांबेना, किंवा डोक्याला मार लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. आणि एक लहानशी वही करावी : तारीख, मात्रा आणि रक्ताचा आकडा. ती वही रुग्णाबरोबर सर्वत्र असावी.

व्यक्ति तितक्या प्रकृति, असें आपले लोक पूर्वींपासून म्हणत आले आहेत. त्यांना जनुकें ठाऊक नव्हतीं, आणि ठाऊक होतीं असा दावाही कोणी करूं नये. परंतु एकाला मानवलें तें दुसऱ्याला मानवेलच असें नाहीं, ही गोष्ट त्यांनीं पाहिली होती. आपण ती मापानें आणि आकड्यानें दाखवूं लागलों, इतकाच फरक.

त्या यजमानांना मीं हीच मोरीची उपमा देऊन सर्व समजावून सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे दीड हीच तिची पुरी मात्रा!" मीं म्हटलें, "होय, पुरी. त्यांची नऊ जितकी पुरी, तितकीच हिची दीड." पुढें तीं दोघें नियमानें तपासणीस येत राहिलीं. एकदां ओसरीवरून जातांना मीं ऐकलें, एका नव्या रुग्णानें त्यांना तोच प्रश्न विचारला होता, आणि ते सांगत होते, "गोळीचें काय विचारतां? तुमची रक्ताची तारीख कोणती, तें आधीं सांगा."

श्रोतेहो, आपल्या ओळखींत कोणी हें औषध घेत असेल तर त्यालाही आपण एवढेंच विचारावें, अशी माझी विनंति आहे.